त्रिरश्मीचा डोंगर आणि आपलें घर

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाच्या सायंसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आज सकाळीं आपण पवित्र मिस्साबलि अर्पण करून परमेश्वराचे आभार मानले. दुपारीं पंगती झाल्या, मुलांनीं गाणीं म्हटलीं, आणि आतां या शांत वेळीं चार शब्द बोलण्याची आज्ञा ज्युबिली-मंडळानें मला केली आहे. अशा प्रसंगीं गौरवाचें भाषण करावें अशी रीत आहे. कोणीं किती देणगी दिली, कोणीं किती दिवस श्रमदान केलें, हें सर्व या पुस्तिकेंत अन्यत्र छापलें आहे व तें योग्यच आहे. मला मात्र एका निराळ्या प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. धर्म कां ओसरतात? ज्या ठिकाणीं एके काळीं शेंकडों माणसें श्रद्धेनें जमत होतीं, तें ठिकाण पुढें ओस कां पडतें? आनंदाच्या दिवशीं हा विषय कांहींसा अशुभ वाटेल. पण शहाणा शेतकरी घराचें छप्पर उन्हाळ्यांतच तपासून ठेवतो, तसें हें आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास आपणांस रोमला किंवा काशीला जाण्याची गरज नाहीं. मुंबईच्या रस्त्यानें शहराबाहेर पडलें कीं डाव्या हातास एक डोंगर दिसतो. त्यास शिलालेखांत त्रिरश्मि म्हटलें आहे. आपण त्याला पांडवलेणीं म्हणतों. तेथें चोवीस लेणीं आहेत, आणि त्यांचा पांडवांशीं कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठीं व उपासनेसाठीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं खोदण्यास आरंभ झाला. ज्यांनीं तीं खोदलीं त्यांचीं नांवें भिंतींवर ठळक कोरलेलीं असूनही लोकांनीं तीं दुसऱ्यांच्या नांवावर चढविलीं. ती लिपि वाचणारा या पंचक्रोशींत कोणी उरला नव्हता. एवढ्या एका नांवांतच माझ्या सबंध भाषणाचा विषय आला आहे.

मी दहाव्या लेण्यांतील लेखाविषयीं आपणांस सांगतों. शक राजा नहपान याचा जांवई उषवदात यानें तें लेणें भिक्षुसंघास दिलें. नुसतें लेणें देऊन तो थांबला नाहीं. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे त्यानें तीन हजार कार्षापण नाणीं कायमची ठेव म्हणून ठेविलीं. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक, आणि एक हजारावर शेंकडा पाऊण, असें व्याज ठरविलें. मुद्दल कधीं परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. दोन हजारांचें व्याज महिन्यास वीस, म्हणजे वर्षास दोनशें चाळीस. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं मिळावेत, असा त्याचा चोख हिशेब होता. गुणाकार करून पाहा, एका नाण्याचीही चूक नाहीं. आपल्या बांधकाम-निधीच्या खजिनदारांनीं हेवा करावा अशी ही व्यवस्था होती!

आणि ती एकट्या राजघराण्याची व्यवस्था नव्हती. तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिच्या दानाचा लेख आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंबिक नांवाच्या गांवच्या लोकांनीं दिलेल्या दानाची नोंद आहे. एक लेणें तर इंद्राग्निदत्त नांवाच्या यवनानें, म्हणजे ग्रीक वंशाच्या गृहस्थानें, करविलेलें आहे. राजमाता, गांवकरी, परदेशी, सर्वांचे हात त्या पाषाणास लागले होते. पुढें सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग महाराष्ट्रांत आला, तेव्हां त्यानें येथें शंभरांहून अधिक संघाराम व सुमारें पांच हजार भिक्षु असल्याचें लिहून ठेविलें. नवव्या शतकांतही कान्हेरीच्या लेण्यांस दानें मिळत होतीं. त्यानंतर दिवे एकेक करून मालवले. त्रिरश्मीच्या एका लेण्यांत पुढें जैन मूर्तीही कोरल्या गेल्या. मग वटवाघळें आलीं, आणि तीं बराच काळ राहिलीं.

हें कां झालें? विद्वानांनीं अनेक कारणें दिलीं आहेत, आणि एकच कारण पुरे असें कोणीही जाणता मनुष्य म्हणत नाहीं. राजाश्रय दुसरीकडे वळला. ज्या व्यापाऱ्यांच्या व श्रेणींच्या पैशावर विहार चालत, त्यांचा व्यापार मंदावला. इतर पंथ बलवान झाले. उत्तर हिंदुस्थानांत मोठमोठ्या विहारांवर परकी सैन्याचे आघात झाले, परंतु आपल्या या डोंगरावरचा दिवा त्यापूर्वींच मंद झाला होता. माझ्या मनास मात्र एक कारण फार लागून राहिलें आहे. विहारांत धर्माचें अध्ययन होत असे, पण गृहस्थाच्या घरांत जन्म, विवाह व मरण या तीन वेळीं बहुधा दुसऱ्याच परंपरेचे विधि चालत. गृहस्थ भिक्षूंस श्रद्धेनें दान देई, त्याच वेळीं अन्य देवतांसही भजे. स्वतः उषवदातानें ब्राह्मणांना व देवांना सोळा गांवें दिल्याचें व प्रतिवर्षीं लाख ब्राह्मणांस भोजन घातल्याचें त्याच लेण्यांत नमूद आहे. यांत औदार्य आहे, आणि त्यास मी दोष देत नाहीं. परंतु धर्म विहारांत राहिला व घरांत पुरता आला नाहीं, म्हणून विहार रिकामा झाल्यावर त्याला दुसरें ठिकाण उरलें नाहीं. पुढें बुद्धांची गणना अवतारांत झाली, आणि 'दोन्ही एकच' असें म्हणतां म्हणतां एक धर्म दुसऱ्यांत विरून गेला.

येथें मी क्षणभर थांबतों, कारण 'सगळे धर्म एकच' हें वाक्य आपल्याही कानांवर नित्य पडतें. शेजारधर्म म्हणून तें गोड आहे, पण तें खरें आहे काय? आपण गोदातीरीं राहतों, तेव्हां पाण्याचेंच उदाहरण घेऊं. रामकुंडावर श्रद्धाळू हिंदु स्नान करतो, तेव्हां गोदामाईच्या स्पर्शानें पाप धुतलें जातें अशी त्याची भावना असते, आणि त्याच पाण्यांत तो आपल्या पितरांच्या अस्थि त्यांच्या सद्गतीसाठीं सोडतो. आपला मुसलमान शेजारी नमाजापूर्वी वजू करतो, कारण एका अल्लापुढें शुद्ध होऊन उभें राहावें ही त्याला आज्ञा आहे. म्हसरूळजवळच्या गजपंथास येणारा जैन यात्रेकरू पाणी गाळून पितो, कारण त्या थेंबांतल्या सूक्ष्म जीवाचीही हिंसा होऊं नये असें त्याचें व्रत आहे. जुन्या बौद्ध शिकवणींत तर नदीच्या पाण्यानें कर्म धुतलें जात नाहीं, शील व प्रज्ञा यांनींच चित्त शुद्ध होतें, असें स्पष्ट सांगितलें आहे. आणि आपण? आपल्या मस्तकावर आयुष्यांत एकदांच बाप्तिस्म्याचें पाणी ओतलें जातें. तें पुन्हां कधीं ओतलें जात नाहीं, कारण तें नित्याचें स्नान नसून ख्रिस्ताच्या मरणांत व पुनरुत्थानांत घेतलेला जन्म आहे. तो जन्म आपण कमावीत नाहीं. देव तो आपल्याला देतो.

पाणी तेंच आहे, पण त्याचे अर्थ पांच आहेत. अधिक खोल गेलों तर माणसाच्या दुःखाचें मूळ काय, या प्रश्नाचींही निरनिराळीं उत्तरें आढळतात. बौद्ध म्हणतो, तृष्णा. जैन म्हणतो, जीवास चिकटलेलें कर्म. वेदान्ती म्हणतो, अविद्या. मुसलमान म्हणतो, परमेश्वराच्या आज्ञेचें विस्मरण. आपण म्हणतों, देवापासून तुटलेलें प्रेम, जें जोडावयास देव स्वतः मनुष्य झाला. बौद्ध व जैन जगाचा निर्माता मानीत नाहींत. मुसलमान निर्माता मानतो, पण त्यानें मनुष्यदेह धारण केला हें त्याला मान्य होत नाहीं. हिंदु अनेक अवतार मानतो. आपण एकच देहधारण मानतों, तेंही खरोखर वधस्तंभावर मरण पावलेलें. हे भेद लपवून ठेवण्यांत कोणाचाच सन्मान नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं प्रसिद्ध केलेल्या घोषणेंत सांगितलें आहे कीं, अन्य धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा पवित्र सभा अव्हेर करीत नाहीं. त्याच घोषणेंत ख्रिस्ताची साक्ष देत राहण्याचें कर्तव्यही सांगितलें आहे. शेजाऱ्याचा धर्म नीट समजून घेणारालाच आपला धर्म नीट समजतो. ज्यास स्वतःच्या बाप्तिस्म्याचा अर्थ सांगतां येत नाहीं, तो मुलाला काय देणार?

आतां कोणी मनांत म्हणेल, 'फादर दुसऱ्यांच्या धर्माची पडझड सांगतात.' तर आपल्याच घरची ऐका. उत्तर आफ्रिकेंत संत सिप्रियन व संत अगस्तिन यांची पवित्र सभा होती. इ. स. ४११ मध्यें कार्थेज येथें परिषद भरली, तेव्हां परस्परांशीं भांडणाऱ्या दोन पक्षांचे मिळून साडेपांचशेंहून अधिक बिशप तेथें जमले होते! एका प्रांतांत एवढे बिशप! आणि १०७६ मध्यें पोप सातवा ग्रेगरी यांस शोक करावा लागला कीं, नव्या बिशपास दीक्षा देण्यास लागणारे तीन बिशपही त्या भूमींत उरले नाहींत. तेथें व्हांडल आले, मग अरब आले, हें खरें. पण इजिप्तमध्येंही अरब आले, आणि तेथील कॉप्टिक ख्रिस्ती समाज चौदा शतकें सोसून आजही उभा आहे. हा भेद कां पडला? आफ्रिकेची पवित्र सभा आपसांतल्या कलहानें आधींच पोखरलेली होती. तिची भाषा लॅटिन, म्हणजे शहरांची व अधिकाऱ्यांची. डोंगरांतल्या बर्बर लोकांच्या बोलींत बायबल उतरल्याचा पुरावा आढळत नाहीं. इजिप्तमध्यें मात्र शेतकऱ्याच्या बोलींत शास्त्र होतें, प्रार्थना होती, आणि वाळवंटांतले साधु त्याच शेतकऱ्यांचे मुलगे होते. कर वाढले, मंदिरें पडलीं, तरी अनेक घरांतली प्रार्थना टिकून राहिली.

आपल्या मराठी मुलखांतही याची साक्ष आहे. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज सरदार गेले, त्यांचे वाडे व मठ कोसळले, राजाश्रय संपला. वसईचा ख्रिस्ती शेतकरी मात्र आपल्या वाडींत राहिला, आणि आज त्याच भूमीवर १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. दुसरी साक्ष एका ग्रंथाची. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी ओव्यांत रचलेलें 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. पुढें १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयनें देशी भाषा बंद करण्याचें फर्मान काढलें. सतराव्या शतकांतल्या त्या छापील प्रतींपैकीं आज एकही उपलब्ध नाहीं. मग तें पुराण वांचलें कसें? लोकांनीं तें हातानें उतरून ठेविलें, वाचलें, म्हटलें. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्यें मंगळूर येथें तें पुन्हां छापलें गेलें. सरकारी फर्मानाहून घरांतला कंठ बळकट ठरला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढें जातां येत नाहीं, कारण ती याच शहरांत घडली. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या दाराशीं सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना दार उघडलें गेलें नाहीं, त्यांच्या वतीनें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं आपल्याच जिल्ह्यांतील येवले येथें त्यांनीं घोषणा केली कीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों बांधवांसह त्यांनीं बुद्धांस शरण जाण्याची दीक्षा घेतली. आणि मग शतकानुशतकें ज्या त्रिरश्मीवर कोणी बुद्धवंदना म्हटली नव्हती, त्या डोंगराच्या पायथ्याशीं आज बुद्धविहार उभा आहे. मोलमजुरी करणाऱ्या आया आपल्या लेकरांस बोटाला धरून तेथें नेतात, आणि घरीं सायंकाळीं त्रिशरण म्हणवून घेतात. या वेळीं तो धर्म घरांत आला आहे. आपण ख्रिस्ती आहों, आपली श्रद्धा निराळी आहे. परंतु ही गोष्ट पाहून मी नम्र होतों. जो समाज आपल्यांतल्या धाकट्या भावास उंबऱ्याबाहेर उभें करतो, तो त्यास गमावतो. आपण यांतून मुक्त आहों असें समजूं नका. एकाच ख्रिस्तप्रसादाचे भागीदार असतांनाही सोयरीक जुळवितांना आपल्यांत जात विचारली जाते. तो प्रश्न मी या घरांत बसून, चहाचा पेला हातांत असतांना, माझ्या कानांनीं ऐकला आहे.

आतां मी स्वतःविषयीं बोलतों. मागील पावसाळ्यांत एका रात्रीं मला रुग्णाभ्यंगासाठीं बोलावणें आलें. अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतून कारखान्याच्या नोकरीपायीं नासिकास आलेलें तें कुटुंब. आजी शेवटच्या घटका मोजीत होत्या. खेड्यांत असतांना त्यांनीं शाळा पाहिली नव्हती, पण मास्तरांकडून शिकलेल्या साऱ्या प्रार्थना त्यांना मुखोद्गत होत्या. मी तेल लावलें. मग त्या नातवाकडे वळून म्हणाल्या, "बाळा, नमो मरिया म्हण." मुलगा वीस-बावीस वर्षांचा, सुस्वभावी, चांगल्या शाळेंत इंग्रजी शिकलेला. तो माझ्याकडे पाहूं लागला. मग त्यानें खिशांतला मोबाइल काढला, प्रार्थना शोधली आणि अडखळत वाचूं लागला. आजींनीं त्याच्या मनगटावर हात ठेविला व म्हणाल्या, "वाचूं नको रे. म्हण."

शेवटीं ती प्रार्थना मींच म्हटली. पण घरीं परतल्यावर मला झोंप आली नाहीं. त्या मुलाला पहिला ख्रिस्तप्रसाद मींच दिला होता. त्या वर्षीं आपल्या सभागृहाचें छत चाललें होतें. मी सकाळसंध्याकाळ सिमेंट, सळया व गवंडी यांच्यांत होतों, आणि धर्मशिक्षणाचा वर्ग जो रिकामा सांपडेल त्याच्यावर सोंपवीत होतों. छत झालें, तें गळत नाहीं. उषवदाताच्या लेण्याचें छतही आजपर्यंत गळालेलें नाहीं. बंधुभगिनींनो, हा अपराध मी आज आपणांसमोर कबूल करतों. दाराशीं लावलेल्या संगमरवरी फलकावर माझें नांव आहे, पण त्या मुलाच्या ओठांवर मी कांहीं ठेवूं शकलों नाहीं.

आईबापांनो, दोष माझा आहे, पण काम एकट्या माझ्यानें होणारें नाहीं. रविवारीं एक तास मुलें माझ्यापाशीं असतात, उरलेला आठवडा तुमच्यापाशीं. १९६३ मध्यें परिषदेनें उपासनेंत लोकभाषांना वाट मोकळी केली, म्हणून वेदीवर मराठी आली. ती वेदीवर आली आणि घरांतून गेली, असें होऊं देऊं नका. मुलांनीं इंग्रजी शिकावें, नांव काढावें. त्यास माझा आशीर्वाद आहे. परंतु आजी ज्या भाषेंत प्रार्थना करते ती भाषा नातवास परकी झाली, तर त्या दोघांमधली सांखळी तुटते, आणि अशाच सांखळ्या तुटत गेल्या म्हणून कार्थेज ओस पडलें.

म्हणून या ज्युबिलीची भेट म्हणून मी आपल्याकडे तीन गोष्टी मागतों. पहिली, प्रत्येक घरांत रोज सायंकाळीं, दूरदर्शन बंद करून, दहा मिनिटें मोठ्यानें प्रार्थना व्हावी, आणि ती मुलांनीं चालवावी. दुसरी, आपल्या शेजाऱ्याच्या सणाचा अर्थ त्यालाच विचारावा, आणि त्यानें आपल्या नाताळाचा वा पुनरुत्थानाच्या सणाचा अर्थ विचारला तर उत्तर देतां येईल एवढें शिकावें. 'सगळें सारखेंच' हें उत्तर नव्हे, आणि 'तुमचें खोटें' हेंही उत्तर नव्हे. तिसरी, या धर्मग्रामांत कोणाही भावाबहिणीस जात विचारली जाऊं नये. पंगतींत नको, आणि सोयरिकींतही नको. माझ्या बाजूनें मी वचन देतों कीं, पुढील रविवारपासून धर्मशिक्षणाचा वर्ग मी स्वतः घेईन, आणि कोणतेंही बांधकाम त्याच्या आड येऊं देणार नाहीं.

या मंदिराच्या भिंती दोन हजार वर्षें टिकोत अशी प्रार्थना मी करीत नाहीं. भिंती टिकतातच, हें त्रिरश्मीनें दाखविलें आहे. माझी प्रार्थना एवढीच आहे कीं, आपणांपैकीं प्रत्येकाच्या शेवटच्या रात्रीं उशाशीं एखादें लेकरूं असावें, आणि त्यानें वाचून नव्हे, तर मुखानें आपल्यासाठीं प्रार्थना म्हणावी.

प्रभु येशू ख्रिस्ताची कृपा आणि त्याच्या पवित्र मातेची छाया आपल्या घरांवर सदैव राहो. आमेन.